सगळं उलटं माहीत असलेले नाना

"त्याले काही इचारू नको बाई. त्या साहेबले बठ्ठं उलटंच मालूम शे."

शेजारच्या अक्का भाजीवालीला सांगत होत्या. मी फाटकापाशी बॅग घेऊन उभी होते. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते गृहस्थ अक्कांच्या शेजारीच, मेथीची जुडी हातात धरून शांतपणे उभे होते. ही मेथी नशिराबादची, असं ते भाजीवालीला म्हणाले होते. ती उसळून म्हणाली, नशिराबादची कशी असेल, ही आसोद्याची! आणि मग ती कोणाच्या मळ्यातली, त्याच्या विहिरीला यंदा पाणी का नाही, भावाभावांत वाटणी कशी झाली, हे सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. "अस्सं होय," एवढंच ते म्हणाले आणि माझ्यासाठी फाटक उघडलं.

हे माझे घरमालक. मी जळगावला चटईच्या एका कारखान्यात, ऑफिसात नोकरीला लागले होते आणि पिंप्राळ्यातली त्यांची वरची खोली भाड्याने घेतली होती. पुढे मी त्यांना नाना म्हणू लागले.

"तू नाशिकची," जिना चढताना ते म्हणाले.

"नाही, धुळ्याची."

"हां, साक्री रोडला घर."

"नाही, देवपूरला."

"वडील मास्तर."

"नाही, एसटीत आहेत. वर्कशॉपला."

मी फार बोलणाऱ्यांतली नाही. माझ्या इंग्रजी शाळेत गप्प बसणाऱ्या मुलीला शहाणी म्हणत. नंतर कॉलेजात आणि ऑफिसात त्याच गप्प बसण्याला लोक शिष्टपणा म्हणू लागले. पण वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत मी आईचा दमा, भावाची बारावी आणि माझं मोडलेलं लग्न, हे सगळं सांगून मोकळी झाले होते. खोलीत एकटी बसल्यावर लक्षात आलं, की या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. ते फक्त चुकीचं बोलत गेले आणि मी दुरुस्त करत गेले.

कॉलनीत त्यांची ख्याती हीच होती. चहाच्या टपरीवर जाऊन ते म्हणायचे, "यंदा केळीवाले खूश दिसतात." की बाकावरची सगळी माणसं त्यांच्यावर तुटून पडायची. कोणी पानांवरच्या करपा रोगाचं सांगायचं, कोणी वाऱ्याने आडव्या झालेल्या बागेचं, कोणी रुमालाखाली व्यापाऱ्याच्या बोटांच्या खुणांनी ठरलेल्या भावाचं. टपरीवाला म्हणायचा, "साहेब, पेपर वाचत जा हो जरा. नेव्हीतला माणूस तुम्ही, लोक काय म्हणतील?" नाना खाली मान घालून बशीतला चहा प्यायचे. त्यांना दुसऱ्या दिवशी वेगळी चूक करायची असायची.

ते नौदलात होते, एवढं कॉलनीला माहीत होतं. तिथे काय होते, हे कोणालाच नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "फायली लावायचो." बैठकीच्या खोलीत जहाजाचं चित्र नव्हतं, गणवेशातला फोटो नव्हता, पदकं नव्हती. फाटकावर नावाची पाटीसुद्धा नव्हती, नुसता प्लॉट नंबर. त्यामुळे कॉलनीने त्यांना कारकून ठरवून टाकलं होतं. प्रजासत्ताक दिनाला झेंडा फडकवायला पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त हवालदारांना बोलवत. नाना सकाळी लवकर जाऊन खुर्च्या मांडत, आणि कार्यक्रम सुरू झाला की शेवटच्या रांगेत बसत. हवालदारांचं भाषण झालं की सगळ्यांच्या आधी त्यांच्या टाळ्या. फोटोची वेळ आली की ते दिसेनासे होत. मला वाटायचं, लाजतात. मला लाजणं ओळखीचं होतं. पण ते लाजणं नव्हतं.

एका रविवारी मी त्यांच्यासमोर चहा घेत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही मुद्दाम चुकीचं बोलता."

त्यांनी कप खाली ठेवला. हसले. त्यांचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. डाव्या बाजूचा एक दात नव्हता.

"लवकर ओळखलंस. अक्कांना अजून नाही कळलं. सांगू नको त्यांना. माझ्या चुका काढल्या की त्यांचा दिवस बरा जातो."

मग ते थोडं बोलले. खात्याचं नाव सांगायला हरकत नाही म्हणाले: नौदलाचं गुप्तवार्ता खातं. त्यापुढचं सांगता येत नाही. पारोळ्याच्या पुढच्या एका खेड्यातला हा मुलगा. गावची नदी अशी, की पावसाळा सोडला तर नुसती वाळू. नोकरीत शिरल्यावर त्यांनी समुद्र प्रथम पाहिला. "वाटलं, एवढं पाणी, आणि कोणाच्याच शेताला नाही." बरीचशी नोकरी जमिनीवरच गेली. खिडकी नसलेल्या खोल्यांत; नाहीतर बंदरांवर, साध्या कपड्यांत.

"बंदरावरच्या हॉटेलात बसायचं आणि चुकीचं बोलायचं," ते म्हणाले. "अमुक जहाज काल गेलं म्हणे. शेजारचा खलाशी म्हणणार, काल कुठलं, ते तर इंजिन बिघडून पडलंय. सरळ प्रश्न विचारला की माणूस आधी विचारणाऱ्याकडे बघतो. चूक ऐकली की त्याला राहवत नाही. सरकार मला या चुकांचा पगार द्यायचं."

"मग तुम्ही खूप काही केलं असेल," मी म्हणाले.

"आमचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही, याचा सत्कार कोण करणार?" हे बोलून त्यांनी कपबशा उचलल्या. तो विषय संपला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. नाना एका बाबतीत सरळ प्रश्न विचारायचे. पावसाळ्यात मला खोकला झाला. ते जिन्याच्या खालून हाक मारून विचारायचे, "खोकला आहे का? ताप आहे का? छातीत दुखतं का?" मी "नाही" म्हटलं तर वर येऊन परत विचारायचे. अक्कांचा गुडघा, टपरीवाल्याची पाठ, कामवालीच्या मुलीचा कान, या सगळ्यांबद्दल ते असंच समोर उभं राहून, डोळ्यांत बघून विचारत. बाकी सगळ्या जगाशी उलटं बोलणारा माणूस दुखण्यापुढे असा सरळ का होतो, हे मला कोडं होतं.

त्याचं उत्तर मला त्यांच्या स्वयंपाकघरात मिळालं. हिवाळ्यात भरताची हिरवी वांगी यायला लागली की ते स्वतः भरीत करत. गॅसवर वांगं भाजताना कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याची आठवण काढून कुरकुरत. मी लसूण सोलत होते. भिंतीवर नानांच्या बायकोचा, काकूंचा फोटो होता. घरात तेवढा एकच फोटो होता. त्या गेल्याला काही वर्षं झाली होती. अक्कांकडून मी ऐकलं होतं, की बाई फार गरीब होती, नवऱ्याच्या शब्दाला कधी "नाही" म्हणाली नाही. नवरा महिना महिना घराबाहेर असायचा आणि कुठे आहे ते तिला ठाऊक नसायचं. तिने ते विचारलंही नाही.

"ती जेवायची कमी झाली होती," नाना एकदम म्हणाले. वांग्याकडे बघत. "मी काय म्हणालो असेन? म्हणालो, 'आज भूक चांगली लागलेली दिसते तुला.' मला वाटलं, म्हणेल, कुठली भूक, घास उतरत नाही. ती 'हो' म्हणाली."

मी लसूण सोलायची थांबले.

"पुन्हा एकदा म्हणालो, 'पोट आता दुखत नाही तुझं.' 'नाही,' म्हणाली. मी निर्धास्त झालो. अख्खी नोकरी त्याच्यावर केली मी. परकी माणसं चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाहीत. पण तिने जन्मात माझी चूक दुरुस्त केली नव्हती. हे मला माहीत होतं. माहीत होतं, आणि तरी." त्यांनी चिमट्याने वांगं उलटलं. साल तडकलं, पाणी गॅसवर सांडून चर्र झालं. "डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. नुसतं विचारायचं होतं. दुखतंय का."

मी लसूण ठेचून दिला. आम्ही भरीत खाल्लं. ते फार तिखट झालं होतं, आणि त्यामुळे दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं तरी कोणाला कारण द्यावं लागलं नाही.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. नानांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आबा म्हणे, ते अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

नाना जिना चढून वर आले. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. दारात उभे राहून ते म्हणाले, "रविवारी तुला काम असेल."

"नाही."

"मग मला गावाला नेशील? आबाकडे." हे त्यांनी विचारलं होतं. दुखण्याखेरीज केलेला त्यांचा पहिला सरळ प्रश्न.

गाडीत त्यांनी मला ते सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की वडिलांना थोरल्या मुलाने अग्नी द्यायचा आणि आईला धाकट्याने. आई गेली तेव्हा नाना कामावर होते. आबांनी नौदलाच्या क्वार्टरवर फोन लावला. काकू म्हणाल्या, ते इथे नाहीत, कुठे आहेत ते मला माहीत नाही. आबांना ते खोटं वाटलं. नवरा कुठे आहे ते बायकोला माहीत नाही, हे खेड्यात कोण मानेल? तरीही त्यांनी आईला दिवस मावळेपर्यंत ठेवलं. धाकट्याची वाट बघत सगळं गाव ओट्यावर बसून होतं. शेवटी चुलते म्हणाले, आता ठेवता येत नाही. आबांनी धाकट्याच्या वाटचा अग्नी स्वतःच्या हाताने दिला.

"दहाव्यालाही मी नव्हतो," नाना म्हणाले. "मला निरोपच उशिरा मिळाला. आणि मिळाला तरी तिथून निघता येत नव्हतं."

पुढे गावात गेले तेव्हा आबांनी एकच विचारलं: तू कुठे होतास? नाना म्हणाले, सांगता येत नाही. तेव्हापासून दर लग्नाला, दर मयतीला, भेट झाली की आबांचा तोच प्रश्न आणि नानांचं तेच उत्तर. हळूहळू नाना जायचे कमी झाले. मग आबांनी बोलावणंच बंद केलं. गावात ठरून गेलं, की धाकटा मुंबईला मजा मारत होता.

"काहीतरी सांगून टाकायचं होतं ना," मी म्हणाले. "एखाद्या गावाचं नाव."

"खोटं बोलायची मला परवानगी होती. पगारच त्याचा होता. म्हणून घरी बोललो नाही कधी. नाहीतर माझं खरं कोणतं, हे मलाच कळेनासं झालं असतं." एरंडोल मागे पडलं. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. "निरोप मिळाला तेव्हा…" असं म्हणून ते थांबले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मीही विचारलं नाही.

आबांची खाट पुढच्या खोलीत होती. माणूस मोठ्या हाडापेराचा असावा, पण आता चादरीखाली फारसं काही उरलं नव्हतं. नाक मात्र अगदी नानांचं. दाराशी बसलेल्या दोन बायका आम्हाला बघून कुजबुजल्या. पुतण्याने खुर्ची दिली आणि तो चहाचं सांगायला आत गेला. मी दाराला टेकून उभी राहिले.

"वना का?" आलास का, एवढंच आबांनी विचारलं.

"वनू, आबा."

"हाई कोन?"

"वरली खोलीमा ऱ्हास. गाडी तिनी आनी."

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत भावाकडे. नानांना मी अहिराणी बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचा आवाजच बदलला होता. लहान झाला होता.

"आते तरी सांग," आबा म्हणाले. "माय गयी तवय तू कोठे व्हता?"

"सांगता येस नही, आबा."

"कोनले घाबरस तू? तुना साहेबसुदा मरी ग्या व्हतीन आते."

"घाबरस नही. शब्द दियेल शे."

आबा कोपरावर उठायला लागले. त्यांना उठता येईना. "मंग खोटं सांग! मुंबईले व्हतू म्हन. दारू पीसन पडेल व्हतू म्हन. कायबी सांग, पन एक गाव सांग. तुना हातनं काम मी करं. मायना तोंडले आग मी लायी. ते ओझं माले सोबतीले घी जानं शे का?"

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं हा म्हातारा भावावर नुसता रागावलेला नव्हता. दुसऱ्याच्या हक्काचं काम आपण उरकलं, आईला तिच्या धाकट्याच्या हातचा अग्नी मिळू दिला नाही, हे ओझं तो वाहत होता. ते उतरवायला त्याला एक कारण हवं होतं, खोटं का असेना.

नाना खुर्चीत ताठ बसले होते. हात मांड्यांवर. "तुनासंगे खोटं बोलता येस नही, आबा," ते म्हणाले.

आबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आतून कपबशांचा आवाज येत होता. आता चहा येईल, तो घेऊन आम्ही उठू, आणि हे दोघं पुन्हा भेटणार नाहीत, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. मी तिथे कोणीच नव्हते. परक्या घरात, परक्या माणसांत, आजाऱ्याच्या खाटेपाशी तोंड उघडणाऱ्या मुलीला काय म्हणतात ते मला माहीत आहे. तरी मी बोलले.

नंतर काय झालं ते आधी सांगते. आबांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. भावाकडे पाहिलं, आणि मी म्हटलं होतं ते त्यांनी आपल्या भाषेत, हळू आवाजात भावाला विचारलं. नानांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. मी लगेच निघाले, दाराशी बसलेल्या बायकांनाही उठवलं. आतून चहा घेऊन येणाऱ्या पुतण्याला हातानेच थांबवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. ओट्यावर बसले असते तर आतलं ऐकू आलं असतं. म्हणून मी रस्ता ओलांडून समोरच्या निंबाखाली जाऊन उभी राहिले. मला तिथून फक्त बंद दार दिसत होतं. ऊन ओट्यावरून उतरलं, गुरं परत आली, तेव्हा ते उघडलं. पुतण्या म्हणाला, आतमध्ये एकदा कोणीतरी मोठ्याने रडलं. दोघांपैकी कोण, ते त्याला आवाजावरून ओळखता आलं नाही.

परतताना नाना एकच वाक्य बोलले. "आबा फार म्हातारा झाला." त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात आबा गेले. नाना गावी जाऊन राहिले, दहाव्याला केस दिले, सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीला आलेल्या पाहुण्यांना हात जोडत दाराशी उभे राहिले. मी ऑफिसातून रजा काढून गेले होते. गावातल्या माणसांना ते चुकीचं काहीच सांगत नव्हते. विचारतील त्याचं सरळ उत्तर देत होते, आणि त्यामुळे फार थकलेले दिसत होते. जन्मभराच्या अबोल्यातून त्यांना एक दुपार मिळाली. तेवढीच. पुढच्या उन्हाळ्यात नानाही गेले, पिंप्राळ्यातच, सकाळी पेपर वाचता वाचता. कॉलनीने शोकसभा घेतली. हवालदार बोलले, की ते नौदलात कारकून होते आणि फार साधे होते. अक्का रडल्या. मी मागच्या रांगेत होते, आणि काही बोलले नाही. बोलायला माझ्याकडे काय होतं? त्या दुपारी नानांनी भावाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

पण पुतण्या अजून फोन करतो तेव्हा विचारतो, "ताई, तू आबांना तेव्हा नेमकं काय सांगितलंस? एवढ्या वर्षांत आम्हाला कोणालाच जमलं नाही ते." त्याला वाटतं मला काहीतरी ठाऊक होतं. मला काहीच ठाऊक नव्हतं. दाराला टेकून, आपल्याच पायांकडे बघत, स्वतःलाच अनोळखी वाटणाऱ्या आवाजात मी एवढंच म्हणाले होते:

"आबा, ते कुठे होते ते नका विचारू. आई गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी काय केलं, ते विचारा."